जपानीत 'दुखत नाही'

गोडादरा, सुरत
१६ जून २०२४

चि. धम्मरत्न यास,

जयभीम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पोस्टमन दारात आला की निदान हात पुढे करावा लागतो. तेवढा केलास तरी पुरे. वाचायचं की नाही, ते तू ठरव.

मागणं नाही, तक्रार नाही. मी ठणठणीत आहे. एक बातमी तेवढी सांगायची होती: तुझी लेक दीप्ती जपानी भाषा शिकते आहे.

आधी मलाही थट्टाच वाटली. नर्सिंगचा तो लहान कोर्स करून ती इथल्याच एका दवाखान्यात लागली, हे तुला भुसावळपर्यंत कुणी कळवलं असेल-नसेल. तिथल्या एका मुलीने हिच्या डोक्यात भरवलं. जपानात म्हणे म्हातारी माणसं फार, आणि त्यांना उठवायला-बसवायला हात नाहीत. भाषा आली, परीक्षा पास झाली, की तिथले वृद्धाश्रम इकडच्या पोरींना बोलावून घेतात. उधन्याला ललित सर म्हणून एक जण शिकवतात. मी म्हटलं, "अगं, सुरतेत म्हातारे कमी आहेत का?" तर म्हणते, "आप्पा, इथल्या म्हाताऱ्यांना सांभाळायचा पगार कोण देतं?" तुझ्यासारखीच बोलते. समोरच्याला गप्प करून कामाला लागते.

तिचा पहिला धडा ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. अ, इ, उ, ए, ओ. का, की, कु, के, को. ही तर आपलीच रांग रे! क झाला की स, मग त, मग न, मग म, य, र. ललित सर सांगतात, फार पूर्वी बुद्धवचनं वाचायला शिकताना तिकडच्या भिक्खूंनी आपल्या अक्षरांची ही रांग उचलली. अक्षरं समुद्र ओलांडून गेली आणि मी पाचोऱ्याहून निघून सुरतेच्या पुढे सरकलो नाही.

मी तिला त्या अक्षरांना चाल लावून दिली. चौथीत आमचे गुरुजी कविता म्हणून घ्यायचे ती चाल. तुला लहानपणी सांगितलं असेल, आमच्या शाळेत एक नियम होता. उभा राहिलेला मुलगा अडखळला की पुढची ओळ बाकीच्या वर्गाने उचलायची. कुणाला एकट्याला उभं राहून शरमू द्यायचं नाही. पुढे लूमच्या खात्यात लागलो, तिथे दिवसभर त्याच कविता मोठ्याने म्हणायचो. यंत्रांच्या खडखडाटात आपलं आपल्यालाही ऐकू यायचं नाही, पण ओठ हलत असायचे. शेजारचा कारागीर समजायचा, मी शेठला शिव्या देतो आहे.

स्वातीला आणि मुलांना आशीर्वाद. मी खाली फारसा उतरत नाही हल्ली. वरच बरं वाटतं.

आप्पा


१ सप्टेंबर २०२४

चि. धम्मरत्न,

पहिलं पत्र परत आलं नाही. म्हणजे मिळालं असं धरून चालतो.

इथे खोलीचं जपान झालं आहे. दीप्तीने प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवली. मादो म्हणजे खिडकी. काबे म्हणजे भिंत. इसु म्हणजे खुर्ची. दोन दिवसांत वस्तू संपल्या. एका खोलीत असून असून असतं किती? एक चिठ्ठी उरली ती तिने माझ्या सदऱ्यावर लावली: सोफु. आपला स्वतःचा आजोबा. तेवढ्यात शेजारची सोनाबाई वाटी परत द्यायला आली.

"हाई काय चिटकाडेल शे आप्पांना?"

"सोफु," दीप्ती म्हणाली.

"सोफा? मंग त्यासले खाले काब्र बठाडं?"

सोफ्याला खाली का बसवलं, या तिच्या प्रश्नावर तिघं पोट धरधरून हसलो. खूप दिवसांनी.

शिकताना तिला एक पेशंटही लागतो. तो मी. ललित सरांनी दाखवलं तसं ती माझ्यावर गिरवते. त्यांच्याकडे म्हणे म्हाताऱ्या माणसाला हात लावायच्या आधी सांगावं लागतं. "ओकोशिमास ने", म्हणजे "आता उठवते हं". मग पाठीखाली हात. मग विचारायचं, "इताकुनाइ देस का?" दुखत नाही ना? आणि मी म्हणायचं, "इताकुनाइ देस." दुखत नाही. सगळ्या जपानीतलं हे एक वाक्य मला न अडखळता येतं. किती चांगली रीत आहे बघ. दवाखान्यात मला चौघांनी चादरीसकट उचललं तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं.

हे दवाखान्याचं लिहायचं नव्हतं. लिहून गेलो, आता खोडून काय करू. मागच्या वर्षी जिन्यावर पाय घसरला. खुब्यात पट्टी घातली आहे. वॉकर धरून खोलीत फिरतो, मोरीपर्यंत जातो. झालं गेलं. तू काळजी करू नकोस, असं लिहिणार होतो. पण ते लिहायलाही तू आधी काळजी केलेली असायला हवी.

आप्पा


१० नोव्हेंबर २०२४

धम्मरत्न,

दीप्तीला आता वाचता येतं. सावकाश, बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं. चित्रासारखी ती अवघड अक्षरंही सुरू झाली आहेत. एका अक्षरात माणूस चौकटीत बसवलेला असतो, चारी बाजूंनी भिंत आणि आत माणूस. त्याचा अर्थ कैदी. तिने ते मला काढून दाखवलं आणि लगेच पान उलटलं.  

तुला खरं सांगतो. मी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि हा जिना तुला माहीत आहे, उभा, शिडीसारखा. दवाखान्यातून वर आणलं तेव्हा खालच्या खात्यातल्या बन्सीलालने आणि त्याच्या दोन कारागिरांनी खुर्चीत बसवून आणलं. त्यानंतर मी जमीन पाहिली नाही. खिडकीतून समोरची भिंत दिसते. खाली साड्यांना लेस लावत बसलेल्या बायका फक्त ऐकू येतात. कुणाची सून कशी, कुणाचा नवरा काय, सगळं मला ठाऊक असतं, तोंड मात्र एकीचंही ओळखत नाही.

यात माझं विशेष नाही. मी म्हातारा आहे, कुठेतरी बसायचंच होतं. पण पोरीचं बघ. सकाळी मला आंघोळ, चहा, गोळ्या. मग दवाखाना. मग क्लास. क्लास सुटला की बाकीच्या मुली चहा पीत बोलतात, एकमेकींशी जपानीत बोलून बघतात. ही धावत घरी. ललित सर म्हणाले, "बेटा, बोलल्याशिवाय बोलणं येत नाही, थांबत जा." ही म्हणाली, "घरी आहेत बोलायला." घरी कोण? मी. एका वाक्याचा धनी.

स्वातीशी लग्न करून, तिला नऊ वर्षांची इथे ठेवून तू गेलास तेव्हा म्हणाला होतास, "तुमची नात, तुम्हीच सांभाळा." सांभाळली. आता ती मला सांभाळते. तुझं वाक्य तेवढं उलटं झालं आणि तू त्यातून पूर्ण सुटलास.

रागाने लिहिलेलं नाही. वाचताना तसं वाटेल.

आप्पा


१६ जानेवारी २०२५

चि. धम्मरत्न,

काल तिची मुलाखत झाली. जे झालं ते तुलाच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

काल वासी उत्तरायण, संक्रांतीच्या पतंगांचा दुसरा दिवस. उधन्याचा क्लास बंद, पण जपानला कसली सुट्टी! म्हणून मुलाखत घरूनच, ललित सरांनी दिलेल्या लॅपटॉपवर. सर त्यांच्या घरून एका चौकोनात, आणि तिकडच्या वृद्धाश्रमाच्या दोन बाया आणि एक गृहस्थ दुसऱ्या चौकोनात. सरांनी आधीच बजावलं होतं, मागे घरातलं कुणी दिसता कामा नये. आणि घरात कुणी आजारी आहे का विचारलं, तर नाही म्हणायचं. आजारी माणूस मागे असला की पोरी सहा महिन्यांत परत येतात, असा त्यांचा अनुभव.

आता एका खोलीत मला ठेवायचं कुठे? मोरीत. स्टुलावर बसवून पडदा ओढला. तरी मी धुतलेला सदरा घालून घेतला. "तुम्हाला कोण बघणार आहे आप्पा?" म्हणाली. म्हटलं, "असू दे. मुलाखत आहे."

गच्च्यांवर स्पीकरचा धुमाकूळ, "काय्पो छे"च्या आरोळ्या. तिने खिडकी गच्च लावली. आत उकडायला लागलं. मी नळाशी गुडघे जवळ घेऊन बसलेला, कान पडद्याला.

छान बोलत होती रे. नाव, गाव, शिक्षण. सगळं चालीत. मग तिकडच्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि ही म्हणाली, "वाताशि नो युमे वा..." माझं स्वप्न...

आणि थांबली.

आवाजामुळे नाही. ते वाक्य तिला झोपेतही येतं, मी शंभरदा ऐकलं आहे. पण थांबली. माझं स्वप्न. बस. पुढे काही नाही. स्पीकरवर गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधली शांतता होती, आणि मला वर्गात उभा राहिलेला पोरगा दिसला. मी विचार केला नाही धम्मरत्न, विचार करायला जागाच नव्हती. पुढची ओळ मी उचलली. मोरीतून, खणखणीत, चालीवर: "काइगो फुकुशिशि नि नारु कोतो देस!" म्हाताऱ्यांची देखभाल करणारी, शिकलेली बाई व्हायचं आहे, असा त्याचा अर्थ.

 मग तिकडून हसू. ललित सरांचा "अरे भगवान". आणि त्या बाईंचा प्रश्न, कोण आहे आत?

दीप्ती उठली. मला वाटलं, आता रागावणार. तिने पडदा बाजूला केला, लॅपटॉप उचलला आणि माझ्याकडे फिरवला. मी स्टुलावर, शेजारी बादली. हात जोडले. बाईंनी मान लववून मला काहीतरी विचारलं. नंतर कळलं, कसे आहात म्हणून विचारलं होतं. मला जे येत होतं ते मी म्हटलं.

"इताकुनाइ देस."

दुखत नाही. विचारलेलंच नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा मान लववली, या वेळी बराच वेळ. मग दीप्तीला विचारलं. ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं, भाषा लागली नाही. तू आलीस तर यांना कोण?

खोटं बोल म्हणून सर डोळ्यांनी सांगत होते. बोलली नाही.

खिडकी उघडली तेव्हा बाहेर पुन्हा आरोळी उठली, कुणाचा तरी पतंग गेला.

आप्पा


२३ फेब्रुवारी २०२५

चि. धम्मरत्न,

तिला घेतलं. मुलाखतीत नापास होईल म्हणून मी मनाची तयारी करून ठेवली होती, पण त्यांनी घेतलं. बाईंनी कळवलं म्हणे, जिच्या घरचा म्हातारा मोरीतून आमची भाषा बोलतो, ती मुलगी आम्हाला हवी. फक्त एक लिहून द्या, मागे त्याची व्यवस्था काय.

दीप्ती जाणार नाही म्हणते.

ललित सर स्वतः आले. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसले, बूड टेकवताना खालची चिठ्ठी पाहून म्हणाले, "इसु. अक्षर सारं छे." मग तिला म्हणाले, "एक सही कर. तारा काका-मामा कोई नथी?"

"नाही."

"पप्पा?"

"आहेत," ती म्हणाली. "भुसावळला." आणि चहा टाकायला उठली. जणू एखाद्या स्टेशनचं नाव सांगितलं.

सर गेल्यावर तिने भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या. नखांनी, एकेक. काही निघाल्या, काहींनी रंग ओरबाडून आणला. मी म्हटलं, "राहू दे, मला लागतात." तर म्हणाली, "कशाला? खिडकीला खिडकी म्हणायला?" पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला तिने. मग रात्रीचं जेवण वाढताना सॉरी म्हणाली. मला तो आवाज बरा वाटला होता, सॉरी नको होतं.

आता मागतो. तीन पत्रं मागितलं नाही, चौथ्यातही नाही, आता मागतो. मला घेऊन जा. तुझ्या क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात एक खाट टाक. मी स्वातीला त्रास देणार नाही. कविता मनातल्या मनात म्हणेन. मला सुरत सोडायची नाही, हे तुला ठाऊक आहे, इथे तुझी आई गेली, इथे माझे हात झिजले. पण मी या पोरीच्या दाराला लावलेली कडी झालो आहे आणि कडीला स्वतःहून निघता येत नाही, कुणीतरी काढावी लागते.

दोन ओळी लिही. हो किंवा नाही.

आप्पा


३० मार्च २०२५

धम्मरत्न,

तुझं उत्तर नाही. महिना झाला वाट पाहून. सरांना कळवायची मुदत होती.

म्हणून मी दीप्तीला सांगितलं की तुझा फोन आला होता.

ती दवाखान्यात असताना आला असं सांगितलं. तू म्हणालास, "आप्पा, आता माझ्याकडे या, खूप झालं." तू थोडा रडलास असंही सांगितलं. ते जास्तीचं झालं असेल, पण सांगताना मला ते दिसत होतं. तुझा आवाजही मी तिला काढून दाखवला, तू लहान असताना घसा खाकरून बोलायचास तसा.

ती कणीक मळत होती. हात तसेच ठेवून बघत राहिली. "खरंच म्हणाले?"

"मग मी खोटं सांगतो?"

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"इतक्यात नको. शरमलाय तो. जाशील तेव्हा बोल."

तिने विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना ती पुन्हा म्हणाली, ओकोशिमास ने. ते तिने मुलाखतीनंतर बंद केलं होतं.

सरांकडच्या कागदावर माझी व्यवस्था म्हणून तुझं नाव आहे. सही तिची आणि माझी. तुला अजून वेळ आहे खरं करायला. तिकडचे कागद यायला तीन-चार महिने लागतात.

आप्पा


रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चि. धम्मरत्न,

दीप्ती गेली. शुक्रवारी.

जायच्या आधी तिने माझी पिशवी भरली. गोळ्या, चष्मा, गरम बंडी, "भुसावळला थंडी जास्त पडते." तिला तुझ्या घरी मला सोडून मगच निघायचं होतं. मी म्हटलं, "त्याला शनिवारी रजा आहे, गाडी करून येतो म्हणाला, बन्सीलाल खाली उतरवेल." बन्सीलालला आणि सोनाबाईला मी सामील करून घेतलं आहे. सोनाबाई आधी खूप बोलली. "पोरले फसाडतस, आप्पा?" मग रडली, मग म्हणाली दोन वेळचं ताट मी देईन. बन्सीलालचा पुतण्या सकाळी आंघोळीपुरता येतो. न सांगता उचलतो, पण हात मजबूत आहेत.

निघताना दीप्तीने माझ्यापुढे वाकून त्यांच्या पद्धतीने निरोप घेतला, आणि मग आपल्या पद्धतीने गळ्यात पडली. जिन्यावरून तिची बॅग पायरी-पायरीवर आपटत गेल्याचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. खालच्या बायकांनी लेस लावणं थांबवून तिला काहीतरी म्हटलं. मग रिक्षा. खिडकीतून काही दिसत नाही, तुला सांगितलंच आहे.

आता शांत आहे. दिवसाला एक कविता पुरवून म्हणतो, एकदम म्हटल्या तर संपतील.

तुला आता ये म्हणत नाही. आलास तर तो तुझा प्रश्न. पण एक काम माझं ऐक, आयुष्यात एवढंच. पुढच्या रविवारी दीप्ती तुला फोन करेल. तिला वाटतं, तोवर मी तुझ्याकडे आलेला असेन. नवा परदेशी नंबर असेल. उचल. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस, "कोण आप्पा?" म्हणू नकोस. तसं झालं तर ती पहिल्या विमानाने परत येईल आणि या खोलीत येऊन माझ्यासमोर बसेल, कायमची. मला ती माहीत आहे. तू तिला नऊ वर्षांचीच ओळखतोस.

व्हिडिओवर मला बघायचं म्हणाली तर सांग, तुझ्या फोनला नेट येत नाही. मग मी इथून माझ्या फोनवरून तिला लावीन, भिंतीला पाठ टेकून बसेन. रंग ओरबाडलेला नाही अशी एक भिंत आहे. भिंत भुसावळची काय आणि गोडादऱ्याची काय.

तुला फक्त एवढं म्हणायचं आहे: "आप्पा जेवून झोपलेत." घसा खाकरून म्हण, म्हणजे तिला पटेल. ती लगेच विचारेल, काय जेवले? तिथे अडखळू नकोस. भाकरी सांगू नकोस, भाकरी मला आता चावत नाही, तिला ठाऊक आहे. खिचडी सांग. वरून तूप घेतलं म्हण.

तुझा,
आप्पा